कंपनीने दातांचा विमा दिला, दोन वर्षं वापरून बघितला

आधी आकडाच सांगतो. डाव्या खालच्या दाढेचं बिल झालं १५,७०० रुपये, कंपनीच्या डेंटल कव्हरमधून परत आले ६,८००, आणि ते यायला ४१ दिवस लागले. हे वाचून बरेच जण म्हणतील की मग फसवणूकच झाली की, पहिल्या आठवड्यात मीही तेच म्हणत होतो आणि कँटीनमध्ये बसून एचआरच्या नावाने बोटं मोडत होतो. पण नंतर पॉलिसीचा कागद नीट वाचला, दुसऱ्या वर्षी शहाण्यासारखा वापरला, आणि आता पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा कुठे आणि एक कुठे कापला ते पुढे येईलच.

मी राहतो फोंड्यात, नोकरी वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. रोज कंपनीच्या बसने बोरीच्या पुलावरून जातो, म्हंजे वाचायला वेळ भरपूर, पुलावर जाम असला तर आणखीच. कंपनीचं किंवा इन्शुरन्सवाल्यांचं नाव देत नाही, नोकरी अजून तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एचआरचा मेल आला, विषय असा की जीएमसीसोबत आता डेंटल बेनिफिट. आता गोव्यात जीएमसी म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर बांबोळीच येणार ना, गोवा मेडिकल कॉलेज. आमच्या पॅकिंग सेक्शनमधल्या अर्ध्या लोकांना वाटलं की कंपनीने बांबोळीशी काहीतरी टायअप केलंय आणि आता तिथे लाईन न लावता दात दाखवता येतील. एकाने तर बायकोला फोन करून सांगूनही टाकलं. मग कळलं की एचआरच्या भाषेत जीएमसी म्हंजे ग्रुप मेडिकल कव्हर, आपलं नेहमीचं मेडिक्लेम. त्या दिवसापासून आमच्याकडे कोण रजेवर असला की लोक विचारतात, कुठल्या जीएमसीत आहे रे.

तर नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दातांचं काय असतं ते आधी. बहुतेक पॉलिसींत दात बाहेरच असतात. अपघात झाला, जबडा फुटला, हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागलं तर दातांचा खर्च देतात, पण कीड लागली, रूट कॅनल करायचंय, कॅप बसवायचीय तर नाही. कारण मेडिक्लेम उभंच आहे ॲडमिट होण्यावर, आणि दातासाठी कोण ॲडमिट होतो, खुर्चीवर बसायचं, तोंड उघडायचं, तासाभराने गाल सुजवून घरी. म्हणून दातांसाठी वेगळा तुकडा घ्यावा लागतो, ओपीडीची जोड म्हणून किंवा वेगळी ग्रुप डेंटल पॉलिसी म्हणून. आमच्या कंपनीने दुसरं केलं. मूळ कंपनी अमेरिकेतली, तिथे दातांचा विमा आरोग्य विम्यापासून वेगळाच असतो आणि नोकरीतून मिळतो, तर तिथल्या प्लॅनचा साचा उचलून इथे रुपयांत बसवलाय असं मला तरी वाटतं.

साचा असा. तीन पायऱ्या. तपासणी, स्केलिंग म्हंजे दातांची सफाई, एक्सरे याचे १०० टक्के मिळतात. फिलिंग, दात काढणं, रूट कॅनल याचे ८० टक्के. आणि कॅप, ब्रिज, कवळी असल्या मोठ्या कामाचे ५०, तेही पॉलिसीत येऊन सहा महिने झाल्यावर. अमेरिकेत याला शंभर-ऐंशी-पन्नास म्हणतात, आमच्या तिथल्या ऑफिसातल्या एका माणसाने कॉलवर सांगितलं, तो म्हणाला की त्यांच्याकडेही वर्षाला एक कमाल रक्कम असते, बहुतेक प्लॅनमध्ये हजार ते दोन हजार डॉलर, त्यावर सगळं आपल्या खिशातून. आमची कमाल रक्कम माणशी १५ हजार रुपये वर्षाला. उरली तर पुढच्या वर्षी जात नाही, ३१ मार्चला संपली.

इथेच मला पहिल्यांदा उलगडा झाला की हा विमा मेडिक्लेमच्या बरोबर उलटा चालतो. मेडिक्लेममध्ये काय, वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एकदा मोठा दणका बसला की ते लाखांत भरतात. इथे दरवर्षी थोडं थोडं होणारच हे धरलेलं असतं, छोट्या कामाला पूर्ण पैसे, काम मोठं होत गेलं की त्यांचा वाटा कमी, आणि एका रेषेवर हात वर. म्हंजे जिथे आपल्याला खरी गरज तिथे तो सगळ्यात पातळ. मी याला विमा म्हणायचंच सोडून दिलंय, कंपनीने दिलेलं १५ हजारांचं कुपन समजतो, आणि असं समजल्यावर चिडचिड पुष्कळ कमी झाली.

आता माझी दाढ. गेल्या वर्षी मंगेशीच्या जत्रेत खाजं घेतलं. दरवर्षी घेतो, अर्धा किलो, आणि पिशवी घरी पोचेपर्यंत गाडीवरच निम्मी संपते. जुनं फिलिंग होतं त्या दाढेत, त्यावर खाज्याचा एक तुकडा असा काही बसला की कटकन आवाज आला, मला वाटलं आल्याचा तुकडा असेल, बाहेर काढून बघतो तर माझीच दाढ, म्हंजे तिचा एक कोपरा. गुळात चिकटलेला. बायको म्हणाली, तो टाकू नका, विम्याला पुरावा लागेल. ती मस्करीत म्हणाली पण मी खरंच रुमालात बांधून आणला.

दुसऱ्या दिवशी गेलो आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे, फोंड्यातच, वीस वर्षं त्यांच्याकडे जातो. त्या नेटवर्कमध्ये, म्हंजे विमावाल्यांशी करार असलेल्या क्लिनिकांत, आहेत का हे ॲपवर बघायचं सुचलंच नाही, दुखत असताना ॲप कोण उघडतो. छोटा एक्सरे काढला, कीड आत दाताच्या नसेपर्यंत गेलेली, रूट कॅनल करावंच लागेल म्हणाल्या. मग खुर्ची मागे केली, तोंडावर दिवा, इंजेक्शन, आणि कोंकणीत नेहमीचं वाक्य, दुखलें जाल्यार दावो हात वयर करात. मी चार वेळा केला. दाढेला तीन-चार नळ्या असतात, एकेका नळीत केसासारख्या बारीक फाईल घालून साफ करतात, त्याचा तो खरखर आवाज कवटीत ऐकू येतो. तीन खेपा झाल्या. मग कॅप. त्यांनी दोन प्रकार दाखवले, एक आतून धातू वरून सिरॅमिक, पाच हजारांच्या आसपास, दुसरी झिर्कोनिया, नऊ हजार. मी म्हटलं विमा आहे की, झिर्कोनियाच घाला. हे वाक्य मला नडलं.

हिशेब सांगतो, कारण कोणीच असा नीट सांगत नाही. तपासणी आणि एक्सरे ७०० रुपये, ते पूर्ण आले. रूट कॅनलचे डॉक्टरबाईंनी घेतले सहा हजार. मी मनात ८० टक्के धरून ४,८०० मोजत होतो. पण नेटवर्कबाहेरच्या क्लिनिकला विमावाले बिलाच्या ८० टक्के देत नाहीत, त्यांच्याकडे प्रत्येक कामाचा एक दर लिहिलेला तक्ता असतो, त्यात रूट कॅनल ४,५००, आणि त्याचे ८० टक्के म्हंजे ३,६००. बाकी २,४०० माझे. कॅपचं त्याहून वरचढ. पॉलिसीत एक कलम आहे की एकाच कामाला दोन पर्याय असतील तर स्वस्तातल्या पर्यायाचाच दर धरणार. म्हंजे मी नऊ हजारांची झिर्कोनिया घातली तरी त्यांच्या लेखी ती पाच हजारांची धातूवाली, आणि मोठं काम म्हणून तिचे ५० टक्के, २,५००. माझ्या खिशातून साडेसहा हजार. सगळं मिळून मला बसले ८,९००.

मग बसमध्ये बसून उलटा हिशेब केला. हेच नेटवर्कच्या क्लिनिकमध्ये, धातूवाल्या कॅपने केलं असतं तर? नेटवर्कवाल्याने तक्त्यातला दर मान्य केलेला असतो, वरचे पैसे तो मागू शकत नाही. तर रूट कॅनलचे माझे ९००, कॅपचे २,५००, एकूण ३,४००. म्हंजे साडेपाच हजारांचा फरक, त्यातले चार हजार निव्वळ झिर्कोनियाच्या हौसेचे आणि दीड हजार डॉक्टरबाईंवरच्या विश्वासाचे. दीड हजारांचं मला वाईट वाटत नाही. चार हजारांचं वाटतं, कारण त्या मागच्या दाढेकडे आजपर्यंत बायकोनेही वाकून बघितलेलं नाही.

४१ दिवस का लागले त्याची गंमत वेगळीच. क्लेम ॲपवर टाकला, बिलं, प्रिस्क्रिप्शन, एक्सरेचे फोटो सगळं. एकोणिसाव्या दिवशी क्वेरी आली, दाताचा नंबर जुळत नाही. मला कळेना, दाताला नंबर? डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या हसायला लागल्या. दातांचे दोन आकडी नंबर असतात, पहिला आकडा तोंडाचा कोपरा सांगतो, उजवा वरचा १, डावा वरचा २, डावा खालचा ३, उजवा खालचा ४, आणि दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजायचा. माझी दाढ डावी खालची सहावी, म्हंजे ३६. प्रिस्क्रिप्शनवर ३६ बरोबर होतं, पण बिल करणाऱ्या मुलीने ४६ टाकलेलं, समोरून बघितलं की डावं-उजवं उलटतं ना, तसं. विमावाल्यांच्या दृष्टीने मी एका दाढेचं रूट कॅनल करून दुसऱ्याच दाढेचं बिल लावत होतो. बिल बदलून घेतलं. मग परत क्वेरी, कामाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही एक्सरे हवेत, मी फक्त आधीचा टाकलेला. तो टाकल्यावर नऊ दिवसांत पैसे खात्यात. रुमालातला दाढेचा तुकडा कोणी मागितला नाही, तो अजून कपाटात आहे.

म्हणून बिल हातात आलं की क्लिनिकच्या काउंटरवरच दाताचा नंबर वाचा, दोन्ही कागदांवर तोच आहे का बघा. आणि काम संपल्यावरचा एक्सरे मागून घ्या, तो डॉक्टरांच्या कंप्युटरवर असतोच, फक्त आपण मागत नाही.

अर्धा मार्क कापलाय तो नेटवर्कला. ॲपमध्ये फोंड्यात दोन क्लिनिकं दिसतात, त्यातलं एक जिथे दाखवतं तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. मडगाव, पणजी, म्हापसा इथे बऱ्यापैकी निवड आहे. पण आमचा एक जण वाळपईहून येतो, एक काणकोणचा, त्यांना जवळपास कायच नाही. वाळपईवाल्याने सुट्टी टाकून फोंड्याला यायचं, बसभाडं आणि एक दिवस घालवून ८०० रुपयांचं फिलिंग करायचं, तो म्हणतो त्यापेक्षा गावातल्या डॉक्टरला रोख देतो, आणि त्याचं बरोबर आहे. एचआरला आम्ही तीनदा लिहिलं. उत्तर आलं की तुमच्या डॉक्टरांना नेटवर्कमध्ये यायचं असेल तर फॉर्म पाठवतो. मी तो फॉर्म डॉक्टरबाईंना नेऊन दिला, त्यांनी दर बघितले आणि चहा मागवला, विषय तिथेच संपला.

एक पूर्ण मार्क कापलाय तो ब्रेसेसला. माझी मुलगी बारा वर्षांची, पुढचे दात एकावर एक, डॉक्टरांनी ४५ हजारांचा अंदाज सांगितला. पॉलिसीत दात सरळ करायचं काम सरळ बाहेर ठेवलंय. इम्प्लांट बाहेर, दात पांढरे करणं बाहेर, ते ठीक आहे, पांढरे करून मला कुठे सिनेमात जायचंय. पण मुलांच्या ब्रेसेस बाहेर ठेवायच्या आणि पोस्टरवर मात्र आई-बाप-मुलगी तिघं दात काढून हसताना दाखवायचे, हे मला पटत नाही. त्या पोस्टरमधल्या मुलीचे दात बघा, अगदी ओळीत.

बारीक अक्षरातल्या आणखी काही गोष्टी लोकांना लागल्या त्या सांगतो. स्केलिंग सहा महिन्यांतून एकदा, आणि सहा महिने म्हंजे त्यांचे १८० दिवस, मोजून. माझी बायको चतुर्थीच्या आधी उरकून घेऊया म्हणून १७० व्या दिवशी गेली, १,२०० रुपये नामंजूर. दहा दिवसांसाठी. एकाचा वरचा दात नोकरीला लागायच्या आधीच गेलेला, त्याला ब्रिज बसवायचा होता, तर कलम निघालं की पॉलिसी सुरू व्हायच्या आधी गेलेल्या दाताच्या जागी काही बसवलं तर पैसे नाहीत. त्याने विचारलं, मग तो दात आता परत आणून पाडू काय. नवीन लागलेल्या एका मुलाने तिसऱ्या महिन्यात कॅप घातली, सहा महिन्यांची अट त्याला कोणी सांगितलीच नाही, पूर्ण भुर्दंड. आणि एकदा घातलेली कॅप पाच वर्षांच्या आत बदलली तर तेही नाही, म्हंजे माझी झिर्कोनिया आता मला जपावी लागणार.

यातली एकही गोष्ट मेलमध्ये नव्हती. मेलमध्ये होतं हसरं पोस्टर आणि १०० टक्के असं मोठ्या अक्षरात. कारण असं की ग्रुप पॉलिसीत पॉलिसीधारक आपण नसतोच, कंपनी असते. मास्टर पॉलिसी कंपनीच्या नावावर, अटी त्यांनी आणि ब्रोकरने बसून ठरवलेल्या, आपल्याला मिळतं सर्टिफिकेट आणि ॲपमधलं ई-कार्ड. तेव्हा मागायचं काय तर कामवार दरांचा तक्ता आणि बाहेर ठेवलेल्या गोष्टींची यादी. मी मागितली तर एचआरच्या मुलीने दोन दिवसांत पाठवली, अकरा पानं, ती म्हणाली तुम्ही पहिलेच मागणारे. सहाशे माणसांच्या कंपनीत. आता मी काय बोलणार, मीही दाढ पडल्यावरच मागितली ना.

आणि टीपीए नावाचा जो मधला माणूस असतो, ज्याच्या कॉलसेंटरला आपण शिव्या देतो, तो फक्त कागद तपासतो. क्लेम नाकारायचा निर्णय इन्शुरन्स कंपनीचा असतो, आणि कुठल्या कलमाखाली नाकारला ते त्यांनी लेखी द्यायला हवं. ते नसेल तर सोडू नका. आधी इन्शुरन्स कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायचं, एक महिना थांबायचं, उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. गोव्याचं काम मुंबईच्या लोकपाल ऑफिसकडे येतं, फी नाही, वकील लागत नाही, आणि ग्रुप पॉलिसीची तक्रारही चालते. माझ्यावर ती वेळ आली नाही, १,२०० रुपयांच्या स्केलिंगसाठी मुंबईला पत्र लिहायला बायको तयार होती, मीच अडवलं.

पैशाचं बोलू. माझा हप्ता कंपनी भरते. बायको आणि मुलगी घ्यायची असेल तर महिन्याला १९० रुपये पगारातून, वर्षाचे २,२८०. आईवडील घेता येत नाहीत. एप्रिलमध्ये पंधरा दिवसांची खिडकी असते, तेव्हा टिक केलं तर केलं, नाहीतर पुढच्या एप्रिलला, फक्त लग्न झालं किंवा मूल झालं तर मध्ये ३० दिवसांत नाव घालता येतं. पहिल्या वर्षी काय वसूल झालं? बायकोचं एक स्केलिंग १,२००, मुलीची दोन फिलिंग नेटवर्कमध्ये, दोन हजारांचे ८० टक्के १,६००. एकूण २,८००. म्हंजे ५२० रुपये फायदा, त्यात नामंजूर झालेलं स्केलिंग धरलं तर फायदा गेला उडत. दुसऱ्या वर्षी मात्र बायकोची अक्कलदाढ आडवी निघाली आणि तिथे ह्या प्लॅनने खरंच साथ दिली.

तेव्हा मी शहाणा झालो होतो. आधी ॲपवर नेटवर्कचं क्लिनिक शोधलं, मडगावात, फोन करून विचारलं की अजून नेटवर्कमध्ये आहात ना आणि अजून त्याच जागेवर आहात ना. मोठा एक्सरे काढला, डॉक्टरांनी खालची उजवी शेवटची, नंबर ४८, हिरडी कापून काढावी लागेल असं लिहून दिलं, खर्च सहा हजार. तो अंदाज कामाच्या आधीच ॲपवर पाठवला, चौथ्या दिवशी उत्तर, ४,८०० मंजूर, तुमचा वाटा १,२००. ठरलेल्या दिवशी गेलो, ओटीपी दिला, १,२०० भरले, तासाभरात बाहेर. एक्सरेचे पैसेही त्यांच्याकडूनच गेले. गाल दोन दिवस लाडवासारखा, पेज आणि आईस्क्रीम, बस. कागद नाही, क्वेरी नाही. साडेतीन मार्क आहेत ते या एका दिवसामुळे, नाहीतर मी दोन देणार होतो. कामाच्या आधी अंदाज पाठवून लेखी आकडा घ्यायचा, हे एक केलं असतं तर माझ्या कॅपच्या वेळी झिर्कोनियाची भानगड मला खुर्चीवर बसायच्या आधीच कळली असती.

आमच्याच आवारात कंत्राटावर जी मुलं आहेत त्यांना हे कव्हर नाही. ज्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे ते ईएसआयमध्ये, म्हंजे सरकारी कामगार विम्यात, त्यांचा ०.७५ टक्के पगारातून जातो, मालकाचा ३.२५, आणि हॉस्पिटल मडगावात. एकाच मशीनवर दोन माणसं, एकाला ॲप, दुसऱ्याला केसपेपर. मी त्यावर इथे जास्त बोलत नाही, पण दिसतं ते दिसतं.

आणि बाबांचं सांगायचं राहिलं. ते प्लॅनमध्ये बसत नाहीत, वय ७४, वरचे दात जवळपास गेलेले. त्यांना नेलं बांबोळीला, गोवा डेंटल कॉलेजमध्ये. १९८० पासूनचं सरकारी कॉलेज आहे, मोठ्या जीएमसीला लागूनच. विद्यार्थी काम करतात, मागे सर उभे असतात, वेळ लागतो, कवळीसाठी पाच-सहा खेपा झाल्या, सकाळी लवकर पोचावं लागतं. पण पैसे बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी, आणि ज्या मुलीने माप घेतलं तिने बाबांना असं काही आज्जो आज्जो केलं की ते आता उगाचच कवळी टोचते म्हणून परत जायला बघतात. माझ्या झिर्कोनियाला कोणी आज्जो म्हटलं नाही. खरं सांगायचं तर दात दाखवायला वेळ असेल आणि घाई नसेल तर बांबोळी हा पर्याय विमा असलेल्यांनीही डोक्यात ठेवायला हरकत नाही, विशेषतः मोठ्या कामाला, जिथे आपला प्लॅन निम्मेच देतो.

नोकरी सोडणाऱ्यांसाठी एक. कव्हर शेवटच्या दिवशी संपतं. आमच्यातला एक जण रूट कॅनल अर्धवट असताना राजीनामा देऊन गेला, कॅप नंतर घातली, काही मिळालं नाही. मेडिक्लेमच्या बाबतीत ग्रुपमधून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्यासाठी जायच्या आधी एचआरशी बोला, पण दातांची ही जोड त्यासोबत येईलच असं धरून चालू नका. राजीनाम्याची तारीख ठरवताना एकदा आरशात तोंड उघडून बघा.

घ्यावं का? स्वतःचं तर फुकटच आहे, न वापरणं हाच मूर्खपणा, तरी आमच्या सेक्शनमध्ये वर्षाचं स्केलिंगसुद्धा न करणारे पुष्कळ आहेत. फॅमिलीचं मी घेतो, कारण मुलगी गोड खाणारी आणि बायकोची दुसरी अक्कलदाढ अजून आत आहे. घरात सगळ्यांचे दात ठणठणीत असतील आणि जवळ नेटवर्क नसेल तर ते २,२८० रुपये वेगळे डब्यात टाकून ठेवलेले बरे.

परवाच यंदाचा मेल आला. लिमिट १५ हजारांवरून २० हजार, फॅमिलीचे १९० चे २३५, ब्रेसेसबद्दल अवाक्षर नाही, पोस्टर तेच. मी टिक केलं आणि सोबत विचारलं की दरांचा नवीन तक्ता कधी पाठवताय. यंदा जत्रेतून खाजं आणलं ते बायकोने आधी खलबत्त्यात घालून कुटलं, आणि वाटीत चमचा घालून माझ्यासमोर ठेवलं.